एट टू, ब्रूटे? : तीन शब्दांचा अर्थ, उगम आणि नेमका वापर

इंग्रजी अग्रलेखाच्या मथळ्यात, चित्रपटाच्या सबटायटलमध्ये किंवा ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे तीन शब्द कधी ना कधी समोर येतातच. शब्दकोश उघडला तर ‘विश्वासघात झाल्यावर काढलेला उद्गार’ एवढंच हाती लागतं आणि नवशिक्याची गल्लत तिथूनच सुरू होते. दगा देणाऱ्या कोणालाही हे म्हणता येत नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकात रोमचा सत्ताधीश सीझर मरताना हे शब्द आपल्या जवळच्या ब्रूटसला म्हणतो. अर्थ ‘तूसुद्धा, ब्रूटस?’ आणि या उद्गाराचं सगळं वजन ‘सुद्धा’वर आहे. बाकीचे उलटले ते समजू शकतं, पण तू? हा ‘पण तू’ पकडला की उच्चारापासून भाषांतरापर्यंत पुढचं सगळं जागच्या जागी बसतं.

आधी तीन शब्द सुटे करा

वाक्य लॅटिन आहे. पहिला शब्द ‘एट’. त्याचा नेहमीचा अर्थ ‘आणि’, पण इथे ‘सुद्धा’. दुसरा ‘टू’, म्हणजे तू. हा शब्द मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. लॅटिनचा हा शब्द, संस्कृतचं ‘त्वम्’ आणि आपलं ‘तू’ एकाच मुळातून आले आहेत. मूळ लॅटिन उच्चारातला ‘त’ दंत्यच होता. त्यामुळे देवनागरीत ‘एत् तू, ब्रूते’ लिहिलं तर ते इंग्रजांच्या उच्चारापेक्षा रोमन उच्चाराच्या जास्त जवळ जातं. इंग्रजी बोलताना मात्र ‘एट टू ब्रूटे’ म्हणा आणि जोर ‘ब्रू’वर द्या.

खरी अडचण तिसऱ्या शब्दाची. माणसाचं नाव ब्रूटस, मग ‘ब्रूटे’ कुठून आलं? ही संबोधन विभक्ती आहे, शाळेतल्या तक्त्यातली शेवटची. हाक मारताना आपण ‘बाळ’चं ‘बाळा’ करतो, ‘मुलगा’चं ‘मुला’ करतो. लॅटिनमध्ये ज्या पुल्लिंगी नावाच्या शेवटी ‘उस’ येतं, त्याला हाक मारताना बहुतेकदा ‘उस’ जाऊन ‘ए’ येतो. म्हणून ब्रूतुसचं ब्रूते. ‘एट टू, ब्रूटस’ असं लिहिणं म्हणजे मराठीत ‘तूसुद्धा, मुलगा?’ असं लिहिल्यासारखं आहे. अर्थ कळतो, पण कान दुखतो.

दुसरी चूक म्हणजे शेवटचा स्वर गिळून ‘ब्रूट’ म्हणणं. इंग्रजीत ब्रूट म्हणजे रानटी, पशूसारखा माणूस. स्पेलिंग तेच असल्यामुळे घोटाळा होतो. दोन्ही शब्द एकाच लॅटिन विशेषणातून आले आहेत आणि त्याचा अर्थ ‘जड, मंद’. पण इथे हाक आहे, शिवी नाही. नाटकाच्या 1623 च्या छापील प्रतीत या नावाच्या शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ दिलेली आहे. तो स्वर उच्चारायचा आहे हे त्या रेघेवरूनच कळतं. स्पेलिंग लक्षात ठेवायचं तर असं: ई-टी, टी-यू, मग स्वल्पविराम, बी-आर-यू-टी-ई आणि प्रश्नचिन्ह. शेवटी ए-ई लिहू नका, ती चूक फार ठिकाणी दिसते.

मग प्रसंग वाचा, आणि नीट वाचा

शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’, अंक तिसरा, प्रवेश पहिला. सीझर मरतो तिथपर्यंतचा भाग पाचएक मिनिटांत वाचून होतो. सीझर सिनेटमध्ये बसला आहे. मेटेलस सिम्बर हद्दपार झालेल्या आपल्या भावासाठी गुडघे टेकून विनंती करतो. ही विनंती म्हणजे आडपडदा. तिच्या निमित्ताने सीझरला मारायचा कट केलेल्यांना त्याच्या भोवती गोळा व्हायचं आहे. सीझर नकार देतो. मग ब्रूटस पुढे येतो, सीझरच्या हाताचं चुंबन घेतो आणि तीच विनंती करतो. त्यावर सीझरच्या तोंडून दोनच शब्द निघतात: ‘काय, ब्रूटस!’

इथे थांबा. वाचताना ही ओळ सहज निसटते, पण पुढचा वाक्प्रचार कळायला ती फार मोलाची आहे. सीझरला आश्चर्य वाटतं ते विनंतीचं नाही, ती करणाऱ्याचं. बाकीच्यांनी गयावया केली तर केली, ब्रूटसनेही? पुढे तो ठामपणाने स्वतःची तुलना आकाशात अढळ असलेल्या उत्तरेच्या ताऱ्याशी करतो. विनवण्या थांबत नाहीत तेव्हा म्हणतो, ब्रूटसने गुडघे टेकले तेही व्यर्थच गेले ना? म्हणजे ब्रूटस ही त्याच्या मनातली शेवटची पायरी. ब्रूटसचं ऐकलं नाही, तर आणखी कोणाचं ऐकणार? दोनदा असा ‘ब्रूटससुद्धा’ घडून गेल्यावर कटातला कास्का ओरडतो, ‘हातांनो, आता तुम्ही बोला!’ आणि खंजीर बाहेर येतात. सीझर तिसऱ्यांदा तेच म्हणतो, या वेळी लॅटिनमध्ये: ‘एट टू, ब्रूटे?’ त्याच दमात पुढचे इंग्रजी शब्द येतात: ‘मग पड, सीझर.’ आणि तो मरतो.

‘मग पड, सीझर’ हा तुकडा सोडून वाक्प्रचार शिकू नका. जखमांनी पडला नव्हता तो या एका चेहऱ्याने पडला. आता लढण्यात अर्थ उरला नाही, असं तो स्वतःलाच सांगतो. म्हणून या उद्गारात राग कमी आणि हार जास्त आहे. संतापून, बोट रोखून कोणी हे म्हणू लागला की ते खोटं वाटतं, त्याचं कारण हेच.

आणखी एक बारकावा. ‘कास्का आधी, ब्रूटस शेवटी’ अशी रंगसूचना आजच्या बहुतेक पुस्तकांत दिसते. 1623 च्या प्रतीत फक्त ‘ते सीझरला भोसकतात’ एवढंच आहे. क्रम नंतरच्या संपादकांनी घातला. क्रम योग्यच आहे, कारण ‘सुद्धा’ म्हणायला आधी दुसरे असावे लागतात.

सीझर खरंच असं म्हणाला होता का?

नाही, निदान तसा एकही प्राचीन पुरावा नाही. इतिहासातली हत्या इसवी सनापूर्वी 44 मध्ये, 15 मार्चला झाली. रोमन पंचांगात मार्चच्या या दिवसाला ‘आइड्स’ म्हणत. सिनेटची सभा त्या दिवशी पॉम्पी या रोमन सेनापतीच्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात भरली होती; शेक्सपिअरने ती कॅपिटॉलमध्ये नेली. कटात साठाहून अधिक लोक होते. जखमा 23 झाल्या आणि वैद्य अँटिस्टियसच्या मते त्यांतली एकच, छातीवरची दुसरी, प्राणघातक होती. हे सगळं स्वेटोनियस या चरित्रकाराने नोंदवलं आहे. (नाटकाच्या पाचव्या अंकात जखमा 33 होतात. परीक्षेच्या उत्तरात हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका.)

शेवटच्या शब्दांबद्दल स्वेटोनियस काय म्हणतो? पहिल्या घावाला कण्हण्यापलीकडे सीझर एक शब्दही बोलला नाही. मात्र पुढे तो जोडतो की काही जणांच्या सांगण्यानुसार ब्रूटस अंगावर आला तेव्हा सीझर ग्रीकमध्ये म्हणाला, ‘काय् सू, तेक्नॉन’. म्हणजे ‘तूसुद्धा, बाळा’. शिकलेले रोमन सर्रास ग्रीक बोलत, त्यामुळे भाषेत काही नवल नाही. पण स्वेटोनियसने हे लिहिलं ते दीडशेहून अधिक वर्षांनी, आणि तेही दुसऱ्यांच्या नावावर टाकून. प्लूटार्क या ग्रीक लेखकाच्या चरित्रात तर ब्रूटसला उद्देशून एकही शब्द नाही. ब्रूटसच्या हातात उपसलेलं शस्त्र पाहून सीझरने आपला झगा डोक्यावरून ओढून घेतला आणि प्रतिकार सोडला, एवढंच तो सांगतो. आमच्या मते या नुसत्या कृतीत शब्दांहून जास्त काही आहे, आणि ‘मग पड, सीझर’चं बी तिथेच पेरलेलं आहे.

शेक्सपिअरसमोर प्लूटार्कच होता: टॉमस नॉर्थने 1579 मध्ये फ्रेंचवरून केलेलं इंग्रजी भाषांतर. त्यात हे तीन लॅटिन शब्द नाहीत. मग आले कुठून? लंडनच्या रंगभूमीवर ते आधीच फिरत होते. 1595 मध्ये छापलेल्या ‘द ट्रू ट्रॅजेडी ऑफ रिचर्ड ड्यूक ऑफ यॉर्क’ या नाटकात राजा एडवर्ड आपल्याविरुद्ध गेलेल्या भावाला, क्लॅरन्सला, म्हणतो: ‘एट टू ब्रूटे, तूही सीझरला भोसकणार?’ म्हणजे तेव्हाच हे शब्द सीझरच्या गोष्टीतून सुटून दुसऱ्याच्या तोंडी वाक्प्रचार म्हणून बसले होते. ‘ज्युलियस सीझर’चा प्रयोग टॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने लंडनमध्ये 21 सप्टेंबर 1599 रोजी पाहिल्याची नोंद आहे. नाटक छापलं गेलं 1623 मध्ये, शेक्सपिअर वारल्यावर सात वर्षांनी. तेव्हा लिहिताना ‘सीझरचे शेवटचे शब्द’ असं लिहू नका. ‘शेक्सपिअरच्या सीझरचे शेवटचे शब्द’ लिहा, तेही ‘मग पड, सीझर’ धरून.

वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा

पहिला: आधी कोणी उलटलं आहे का? एकट्याने केलेल्या दग्याला ‘सुद्धा’ लागू पडत नाही. कॅशिअर गल्ला घेऊन पळाला, तर ती चोरी आहे. तिथे ब्रूटस आणू नका.

दुसरा: माणूस जवळचा आहे का, आणि आपण त्याचं काही केलं आहे का? ब्रूटस सीझरचा ओळखीचा होता एवढं पुरेसं नाही. इसवी सनापूर्वी 48 मध्ये फार्सेलसच्या लढाईत तो सीझरच्या विरुद्ध, पॉम्पीच्या बाजूने होता. सीझरने त्याला माफ केलं, पुढे आल्प्सच्या अलीकडच्या गॉलचा कारभार दिला, आणि हत्येच्या वर्षी तो रोमचा प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी होता. जीवदान, विश्वास आणि मोठं पद असं सगळं देऊन झालेलं. व्यापारातल्या प्रतिस्पर्ध्याने दर पाडले, तर त्याच्याशी तुमचा असा कोणताच धागा नव्हता. वाक्प्रचार तिथेही फुकट जातो.

तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: त्याने हे पैशासाठी केलं का? केलं असेल तर इंग्रजीत नाव घ्यायचं जूडासचं, चांदीच्या 30 नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्याचं. ब्रूटसने लाच घेतली नव्हती. नाटकात तो लोकांना सांगतो की सीझरवर माझं प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं. शेवटी त्याचा शत्रू, सीझरचा मित्र अँटनीसुद्धा त्याच्या प्रेतापाशी त्याला सर्वांत थोर रोमन म्हणतो. इटालियन कवी दान्तेने मात्र जूडास, ब्रूटस आणि कटातला त्याचा साथीदार कॅशिअस या तिघांनाही नरकाच्या तळाशी, सैतानाच्या तीन तोंडांत टाकलं. हा वाद दोन हजार वर्षं चालू आहे आणि या वाक्प्रचारात तो मुरलेला आहे: समोरच्याकडे त्याचं स्वतःचं, कदाचित प्रामाणिक कारण असतं. म्हणून तर ते जास्त लागतं.

तिन्ही उत्तरं ‘आधी उलटले’, ‘जवळचा’, ‘पैशासाठी नाही’ अशी आली की वाक्प्रचार नेमका बसतो. समजा, सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा आहे. तुम्ही मांडलेल्या प्रस्तावाविरुद्ध एकेक हात वर जातो आहे. ते अपेक्षित होतं, तुम्ही मोजत बसला आहात. तेवढ्यात शेजारच्या काकांचा हात वर जातो. त्यांच्या पेन्शनची कागदपत्रं तुम्ही पाच खेपा घालून करून दिलीत, त्यांच्याकडे तुमच्या घराची जादा किल्ली आहे. काका तुमच्याकडे न बघता हात तसाच धरून ठेवतात. इमारत पाडली जाईल, त्या वयात भाड्याच्या घरात राहावं लागेल, ही त्यांची भीती खरी आहे. इंग्रजी बोलणारा इथे ‘एट टू, ब्रूटे?’ म्हणेल. मराठी माणूस म्हणेल, ‘काका, तुम्हीसुद्धा?’

हलक्या प्रसंगीही हा चालतो, किंबहुना आजच्या इंग्रजीत तसाच जास्त चालतो. सगळ्या ग्रुपने साखर सोडली, उरलेला एकटा मित्रही बिनसाखरेचा चहा मागवतो. त्याला हे खुशाल म्हणा. नाव बदलूनही म्हणतात, ‘एट टू, अमित?’ तिथे अमितची विभक्ती शोधू नका, नाव जसंच्या तसं राहतं. मात्र मोडलेल्या लग्नाबद्दल, कोर्टातल्या भाऊबंदकीबद्दल बोलताना आणि तक्रारीच्या अर्जात हे शब्द टाळा. खऱ्या दुःखात ते नाटकी वाटतात, आणि अर्जात सरळ आरोप ठरतात.

त्याच जखमेतून आलेला दुसरा वाक्प्रचार

पुढचाच प्रवेश, अंक तिसरा, प्रवेश दुसरा. अँटनी सीझरचा फाटलेला झगा लोकांपुढे धरतो आणि एकेका भोकावर बोट ठेवतो: इथून कॅशिअसचा खंजीर गेला, ही चीर कास्काची, आणि इथून लाडक्या ब्रूटसने भोसकलं. हा वार म्हणजे ‘द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल’. आज त्यातला ‘मोस्ट’ गळून ‘द अनकाइंडेस्ट कट’ एवढंच उरलं आहे. ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ दोन्ही एकत्र कसे, हा प्रश्न शाळेत हटकून येतो. त्या काळच्या इंग्रजीत जोर देण्यासाठी असं दुहेरी रूप चालायचं. आज लिहिलं तर चूक धरली जाईल.

‘अनकाइंड’चा अर्थ आज ‘निर्दय’ एवढाच आहे. पण ‘काइंड’ या शब्दाचं जुनं नातं कुळाशी, जातीशी, निसर्गाशी आहे. म्हणून तेव्हाच्या कानाला ‘अनकाइंड’मध्ये ‘आपल्याच माणसाने केलेलं, नात्याला सोडून केलेलं’ हेही ऐकू यायचं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण नेमकं तेच बोलते. ‘निर्दय घाव’ असं भाषांतर केलं की मधलं गोत निघून जातं आणि नुसता घाव उरतो.

अँटनीची एक हातचलाखी इथे पाहून घ्या. खून झाला तेव्हा तो तिथे नव्हता. ट्रेबोनियसने त्याला आधीच बाजूला नेलं होतं. म्हणजे कोणतं भोक कोणाचं, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. तरी तो इतक्या खात्रीने बोट ठेवतो की गर्दीला जखमा दिसू लागतात. इंग्रजी वर्तमानपत्रांत अर्थसंकल्पातली कपात किंवा सेन्सॉरची कात्री यांच्या मथळ्यांना हा वाक्प्रचार वापरतात, कारण ‘कट’वर श्लेष साधतो. तिथे विश्वासघाताचा अर्थ जवळजवळ संपलेला असतो. भाषांतर करताना खंजीर आणू नका.

मराठीत आणताना

‘पाठीत खंजीर खुपसणे’ हा पहिला सुचणारा पर्याय, आणि तोच इथे चुकतो. नाटकात मागून मानेवर वार करतो तो कास्का. ब्रूटसचा वार सीझर पाहतो, आणि पाहिल्यामुळेच कोसळतो. चेहरा दिसणं हा या वाक्प्रचाराचा जीव आहे, आणि पाठीत घाव घालणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

गोड बोलून, विश्वासात घेऊन घात झाला असेल तर ‘केसाने गळा कापला’ म्हणा. जवळ बाळगलेला माणूसच जाळणारा निघाला तर ‘अस्तनीतला निखारा’. भर कृतघ्नतेवर द्यायचा असेल तर ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’. ‘फितूर’ मात्र शत्रूला जाऊन मिळालेल्यासाठी राखून ठेवा. ब्रूटस कोणा शत्रूला मिळाला नव्हता, त्याला ‘फितूर’ म्हणणं बरोबर नाही.

मरणाऱ्याच्या तोंडची हाक भाषेत रुजण्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘काका, मला वाचवा’. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, तेव्हा ते रघुनाथरावांकडे धावत असं ओरडले, असं परंपरा सांगते. दोन्हीकडे संबोधन आहे, दोन्हीकडे जवळचं माणूस. फरक एवढाच की नारायणरावांच्या हाकेत अजून आशा आहे आणि सीझरच्या प्रश्नात ती संपलेली आहे. म्हणून एकाचं भाषांतर दुसऱ्याने करता येत नाही.

बहुतेक वेळा सरळ ‘तूसुद्धा, ब्रूटस?’ हेच उत्तम. मराठी वाचकाला ते चांगलं परिचयाचं आहे. मराठीत ब्रूटसचं ‘ब्रूटे’ करायची गरज नाही. ‘सुद्धा’ हे शब्दयोगी अव्यय, म्हणून ‘तूसुद्धा’ जोडूनच लिहा, आणि ‘द’ला ‘ध’ जोडून: ‘सुद्धा’. ‘सुध्दा’ चूक. ‘तू पण’ बोलण्यात चालेल, ‘तूही’ थोडं मऊ पडतं. मोठ्या माणसाला ‘तुम्हीसुद्धा’.

पूर्ण नाटक वाचायला वेळ नसेल तर

हा क्रम धरा. अंक पहिला, प्रवेश दुसरा: कॅशिअस ब्रूटसला कसा वळवतो. अंक दुसरा, प्रवेश पहिला: रात्री बागेत एकटा ब्रूटस स्वतःची समजूत घालतो, सीझरने अजून काही केलेलं नाही, पुढे करेल म्हणून मारायचं, हा त्याचा हिशेब तिथे उघडा पडतो. मग तिसऱ्या अंकाचे पहिले दोन प्रवेश सलग, मधे न थांबता. शेवटी पाचवा अंक, पाचवा प्रवेश. फिलिपीच्या रणांगणावर ब्रूटस स्वतःला संपवतो आणि मरताना त्याच्याही तोंडी सीझरचंच नाव येतं: सीझर, आता शांत हो, तुला मारताना माझी या मरणाच्या निम्मीही इच्छा नव्हती.